नातीच्या ओसीआयचं काम, गुरख्याच्या मुलीचा दाखला आणि रत्नागिरीतलं एक छोटं दुकान

या दुकानाला पाचपैकी पाच देतोय. का ते जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाचा, कारण आपल्या रत्नागिरीत घरटी एक माणूस बाहेर आहे, कोण कुवेतला, कोण मस्कतला, कोण अमेरिकेत, आणि तिकडे मूल झालं की त्याच्या कागदांचं काम फिरून फिरून इकडे आजी-आजोबांच्या गळ्यात येतंच.

दुकान म्हणजे थिबा पॅलेसकडे जाणाऱ्या रस्त्याला एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचा एक गाळा. बाहेर बोर्ड आहे झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, पासपोर्टचे फॉर्म, ओसीआय (म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या आपल्या लोकांचं कार्ड, त्याबद्दल पुढे सांगतो). आत एक काउंटर, दोन कॉम्प्युटर, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला लावलेली फायलींची फळी. चालवते एक ताई, पस्तिशीची असेल, लग्नाआधी मुंबईत व्हिसाची कामं करणाऱ्या ऑफिसात होती म्हणाली. नाव लिहीत नाही, तिनेच सांगितलं काका दुकानाबद्दल लिहा, माझं नाव नको.

आता माझं काम काय होतं ते सांगतो. लेक आणि जावई न्यू जर्सीत. जावई एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, लेक एच-४ वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर, म्हणजे दोघांचेही पासपोर्ट आपलेच, ग्रीन कार्ड नाही, आपल्या लोकांची त्यासाठीची रांग तर तुम्हाला माहितीच आहे. लेकीचे दिवस मार्च २०२५ ला भरत होते. आणि २० जानेवारीला ट्रम्पनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका आदेशावर सही केली, की आई बेकायदा आलेली असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर १९ फेब्रुवारीनंतर तिथे जन्मलेल्या अशा मुलाला नागरिक धरायचं नाही. तात्पुरत्या व्हिसात एच-१बी, एच-४, स्टुडंट, टुरिस्ट सगळे आले. म्हणजे आमची पोर बरोब्बर त्यात.

ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. आपली रात्र म्हणजे तिकडची सकाळ, लेक रोज फोन करायची, एकदा म्हणाली बाबा, हिला व्हिसा कुठला लागेल मग, जन्मल्या जन्मल्या व्हिसा लागतो का कुणाला. मला काही उत्तर देता आलं नाही. त्या वेळी बातम्या येत होत्या की आपल्याकडच्या बायका डॉक्टरांना विचारतायत २० फेब्रुवारीच्या आत सिझेरियन होईल का म्हणून. आमच्या हिने ती बातमी वाचली आणि देवघरात जाऊन बसली, जेवली नाही त्या रात्री. लेकीने मात्र तसलं काही करणार नाही म्हणून सांगितलं, पूर्ण दिवस भरू देणार, जे होईल ते होईल. मला तिचा फार अभिमान वाटला.

तेव्हा मी बसून सगळं वाचून काढलं. तिकडे त्यांच्या राज्यघटनेतली चौदावी दुरुस्ती आहे, १८६८ सालची, गुलामगिरी संपल्यावर केलेली. तिच्यात लिहिलंय की जो अमेरिकेत जन्मला आणि तिथल्या कायद्याच्या अमलाखाली आहे तो नागरिक. आईबाप कोण ते विचारलेलं नाही. पुढे वाँग किम आर्क नावाच्या माणसाची केस झाली, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आईबाप चिनी, एकदा चीनला जाऊन परत आला तर बंदरावर अडवला की तू नागरिक नाहीस. तो लढला आणि १८९८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा जन्माने अमेरिकन आहे. परक्या वकिलातीतल्या लोकांची मुलं वगैरे दोन-चार अपवाद सोडले तर तेव्हापासून हेच चालत आलंय. सव्वाशे वर्षं जी गोष्ट पक्की होती ती आमच्या नातीच्या वेळीच डळमळावी, असं सारखं मनात यायचं.

सिएटलच्या एका जज्जने तीनच दिवसांत, २३ जानेवारीला, तो आदेश थांबवला आणि सरळ म्हणाले की हा उघड उघड घटनेच्या विरोधात आहे. मग आणखी कोर्टांनी थांबवला. नात मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली, तिचा जन्माचा दाखला आला, एप्रिलमध्ये निळा पासपोर्ट आला. लेकीने त्याचा फोटो पाठवला तेव्हा ही रडली, मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मग ठरलं की गणपतीला या. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होते. आणि इथून ओसीआयचा विषय सुरू झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही, मुलाने अमेरिकन पासपोर्ट घेतला की ते भारतीय नागरिक नाही. मग त्याला ओसीआय कार्ड काढायचं, म्हणजे जन्मभराचा व्हिसा, कितीही वेळा या, कितीही दिवस राहा. मतदान नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, बाकी बरंच काही करता येतं.

मी आधी या ताईकडे गेलो नव्हतो. एका ओळखीच्याने एका एजंटाकडे पाठवलं, नाव घेत नाही. त्याने साडेचार हजार आधी घेतले आणि म्हणाला काही काळजी करू नका, मुलीचा इंडियन पासपोर्ट पण काढून ठेवू, दोन्ही चालतात, कोण बघतंय. मला तेव्हाच खटकलं होतं पण आपल्याला कायदा माहीत नाही म्हणून गप्प बसलो. महिनाभर खेटे घातले, दरवेळी सर्व्हर डाऊन. शेवटी जावयाने तिकडून चौकशी केली तेव्हा कळलं की ओसीआयचा अर्ज मुळात लेक-जावयानेच तिकडून ऑनलाइन करायचा असतो, हा इथे बसून काय करणार होता कुणास ठाऊक. पैसे गेले ते गेले. पण त्याने सांगितलं तसं दोन्ही पासपोर्ट काढले असते तर पुढे त्या पोरीलाच निस्तरावं लागलं असतं, तिचा काही दोष नसताना. म्हणून चीड येते.

या ताईकडे गेलो तर तिने पहिल्यांदा काय केलं, पैसे घेतले नाहीत, कागद मागितले. लेकीचा पासपोर्ट, जावयाचा पासपोर्ट, बाळाचा दाखला, मॅरेज सर्टिफिकेट, सगळ्यांच्या झेरॉक्स काउंटरवर एकाशेजारी एक लावल्या आणि पट्टी घेऊन प्रत्येक नावाखाली धरत गेली. एक एक अक्षर. दोन मिनिटांत म्हणाली काका, लग्नात नाव बदललं होतं का. बदललं होतं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवीन नाव लिहितात ना, तसं लिहिलं होतं आणि ते नुसतं ताटात न राहता कुणीतरी मॅरेज सर्टिफिकेटात पण घातलं होतं. पासपोर्टवर लेकीचं माहेरचं नाव, बाळाच्या अमेरिकन दाखल्यात माहेरचं, आणि सर्टिफिकेटात तिसरीच बाई. ती म्हणाली तिकडचा माणूस विचारणार की बाळाच्या बापाचं लग्न जिच्याशी झालंय ती ही आई आहे कशावरून. आठ वर्षं ते सर्टिफिकेट आमच्या कपाटात होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ते काम तिने धरलं. लग्नाची पत्रिका, दोघांचे शाळेचे दाखले, माझं प्रतिज्ञापत्र, कुठल्या टेबलाला काय द्यायचं ते कागदावर लिहून दिलं, दोनदा स्वतः आली. सरकारी फी वेगळी, तिची पावती वेगळी, तिचे स्वतःचे सातशे वेगळे, तेही काम झाल्यावर. आणि एका संध्याकाळी लेकीशी व्हिडिओ कॉल करून सगळा अर्ज समोर बसून तपासून दिला, पाचशे रुपये. फोटो चौकोनी लागतो, दोन इंच बाय दोन इंच, तान्ह्या बाळाचा कसा काढायचा तर चादरीवर झोपवून वरून काढा, हात कुणाचा दिसता कामा नये, सावली नको, हे असलं सगळं तिला पाठ. सहीच्या जागी बाळाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, तो कसा तर बाळ झोपलेलं असताना, मूठ हळूच उघडून. लेक हसली बऱ्याच दिवसांनी. तिकडची सरकारी फी तेव्हा २७५ डॉलर होती आणि वर त्या सेंटरचे चार्जेस, हेही तिने आधीच सांगितलं होतं म्हणून धक्का बसला नाही.

मी तिला एक विचारलं, जे मनात होतं बरेच दिवस. पावस गावाजवळ आमची आंब्याची दीडशे कलमं आहेत, वडिलांनी लावलेली. म्हटलं उद्या नातीच्या नावावर सातबारा होईल का, का परदेशी म्हणून सगळं बंद. ती म्हणाली विकत घेता यायची नाही शेतजमीन, पण वारसाने येऊ शकते, तुम्ही नीट मृत्युपत्र करून ठेवा आणि ते वकिलाकडून करा, ते माझं काम नाही. आपलं काम कुठपर्यंत ते सांगणारा माणूस या धंद्यात मला पहिल्यांदा भेटला.

आता मुख्य गोष्ट सांगतो, ज्याच्यासाठी खरं म्हणजे लिहायला घेतलं.

आमच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंब असतं. आपल्याकडे सगळे गुरखा म्हणतात, मीही म्हणत आलो. दिवाळीनंतर येतात, मोहोर, फवारणी, माकडं हाकलणं, आंबा उतरवणं, पेट्या भरणं, सगळं तेच करतात, आणि पावसाच्या तोंडावर जातात. त्यांच्याशिवाय आज कोकणातल्या बागा चालायच्या नाहीत, ज्याची बाग आहे त्याला विचारा. आमच्याकडचा पश्चिम नेपाळमधल्या अछाम जिल्ह्यातला, सहा वर्षं येतोय. त्याला मुलगी झाली ती माझ्या नातीच्या आधी नऊ दिवस, इथेच, रत्नागिरीत दवाखान्यात. माझी ही रोज डबा घेऊन जायची बाळंतिणीसाठी, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू. लेकीला तिकडे देता येत नव्हते ते इथे दिले.

एक दिवस तो मला म्हणाला शेठ, एक आदमी बोलता है पंधरा हजार में बच्ची को इंडियन बना देगा. मी विचारलं कसं, तर म्हणे आधी आधार काढायचं, मग रेशन कार्डात कुणाच्या तरी घरात नाव घालायचं, मग पासपोर्ट. तीन महिन्यांचा पगार त्याने बाजूला काढून ठेवला होता त्यासाठी. आणि हे सांगणारा एजंट पण त्यातलाच एक, दोन्ही पासपोर्ट चालतात सांगणाऱ्यांतला. मी त्याला गाडीवर बसवला आणि ताईकडे घेऊन आलो. त्याची बायको मागे बाळाला शालीत घेऊन रिक्षाने आली.

ताईने बाळाचा दाखला बघितला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. दाखल्यात वडिलांच्या आडनावाच्या जागी काय लिहिलं होतं माहितेय, गुरखा. ते त्याचं आडनाव नाही. ॲडमिट करताना सोबत गेलेल्याने सांगितलं असेल, आम्ही सगळे ज्या नावाने हाक मारतो तेच नोंदीत गेलं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. सहा वर्षं माझ्या बागेत राहिलेला माणूस आणि त्याचं आडनाव मलाही पटकन सांगता आलं नाही.

त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली त्याची नागरिकता काढली, नेपाळचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. ते देवनागरीतच असतं, त्यामुळे ताईने सरळ वाचून काढलं. जन्माचं साल २०५४ होतं. मी दचकलो, ती म्हणाली काका तो विक्रम संवत आहे, त्यातून छप्पन-सत्तावन्न वजा करा, म्हणजे १९९७ किंवा ९८. त्या एजंटाने भरलेल्या फॉर्मवर साल कोरं सोडलं होतं, त्याला ते समजलंच नसावं.

मग तिने खराब झालेल्या एका झेरॉक्सच्या पाठीमागे पेन्सिलने एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर तीन उभ्या खुणा केल्या. पहिल्या खुणेखाली लिहिलं २६ जानेवारी १९५०. दुसरीखाली १ जुलै १९८७. तिसरीखाली ३ डिसेंबर २००४. म्हणाली हा आपला कायदा, १९५५ चा नागरिकत्व कायदा. पहिल्या दोन खुणांच्या मध्ये जो भारतात जन्मला तो भारतीय, आईबाप कुठलेही असोत, वकिलातीतले वगैरे सोडून. म्हणजे काका, तुमच्या वडिलांच्या काळात, १९८५ ला समजा, बागेतल्या गुरख्याला मूल झालं असतं तर ते जन्मानेच भारतीय झालं असतं, अमेरिकेसारखंच. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या मध्ये जन्म असेल तर आई किंवा बाप, दोघांपैकी एक भारतीय पाहिजे. आणि तिसऱ्या खुणेनंतर दोघंही भारतीय पाहिजेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. या बाळाचे दोघंही नेपाळी आहेत, त्यामुळे जन्म रत्नागिरीत झाला तरी ही भारतीय नाही. आधार काढलं तरी होत नाही, आधार इथे राहणाऱ्याचं असतं, त्याने नागरिकत्व मिळत नाही. रेशन कार्डात खोटं नाव घालून पासपोर्ट काढला तर पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा, आणि तो या पोरीच्या नावावर चिकटतो.

त्याला हे हिंदीत सांगितलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. त्याच्या बायकोने बाळाचं टोपडं सरळ केलं.

मी त्या पेन्सिलच्या रेघेकडे बघत राहिलो. चार महिने मी कुणासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो, तर परक्या देशात परक्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या एका पोरीला तिथल्या मातीने आपली म्हणावं म्हणून. आणि माझ्याच बागेत तशीच पोर, नऊ दिवसांनी मोठी, आणि आपल्याकडे ते दार १९८७ लाच बंद झालंय हे मला साठी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. कायदा का बदलला त्याची कारणं आहेत, आसामातलं आंदोलन, सीमेवरून येणारे लोक, ते मी नाकारत नाही, आणि नेपाळचं नागरिकत्व तिला आहेच, ती काही कुठलीच नाही अशी नाही. पण जे मी माझ्या नातीसाठी हक्काने मागत होतो ते दुसऱ्याच्या लेकीबद्दल बोलताना माझ्या तोंडातून सहज निघत नव्हतं, हे मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जाणवलं आणि ते अजून टोचतंय.

ताईने मात्र तिथेच थांबवलं नाही. तिने त्याला सांगितलं की बेकायदा तुम्ही नाही, हे आधी डोक्यातून काढा. १९५० चा भारत-नेपाळ करार आहे, नेपाळी माणसाला इकडे राहायला, काम करायला मुभा आहे, व्हिसा लागत नाही. मुलगी सहा वर्षांची झाली आणि इथे असली तर शाळेत घाला, शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला आहे, त्यात नागरिक असा शब्द नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा दाखला आधी दुरुस्त करा. कारण वडिलांच्या वंशाने किंवा आईच्या वंशाने तिला नेपाळची नागरिकता सोळाव्या वर्षी काढता येईल, पण त्यासाठी गावी वॉर्ड ऑफिसात जन्मदर्ता, म्हणजे जन्माची नोंद, करावी लागेल, तिथे हा कागद दाखवायचा आणि त्यात बापाचं आडनाव गुरखा असेल तर ते म्हणणार हा बाप कोण. इथेही १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून सगळीकडे जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा झालाय, त्यामुळे आता या मुलांच्या दाखल्यातली एक चूक आयुष्यभर पुरते.

दुरुस्तीचा अर्ज तिनेच लिहिला. नागरिकतेची झेरॉक्स, दोघांचे फोटो, दोन साक्षीदार. एक साक्षीदार मी, दुसरी माझी ही. तीन चकरा झाल्या. मला त्यात एक गोष्ट नवीन कळली, की जन्माच्या रजिस्टरातली मूळ नोंद कधी खोडत नाहीत, कायद्यानेच खोडायची नाही, बाजूला समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख टाकतात. म्हणजे रजिस्टरात ते गुरखा तसंच राहिलंय आणि शेजारी समासात त्याचं खरं आडनाव आलंय. नवीन दाखला खऱ्या आडनावाने मिळाला. ताईने त्याच्याकडून फक्त झेरॉक्सचे आणि सरकारी फीचे पैसे घेतले, मी जास्त द्यायला लागलो तर घेतले नाहीत, म्हणाली तुमच्या कामाचे तुमच्याकडून घेतले ना.

तिथे बसलेलो असताना बाकी लोकांचंही ऐकत होतो. राजिवड्याच्या एक चाची आल्या होत्या, नातू कुवेतला जन्मलेला, दहा महिन्यांचा, आईबाप भारतीयच. चाची म्हणत होत्या आपलाच आहे तो, इकडे आला की बघू. ताईने कॅलेंडर काढून दाखवलं, म्हणाली नाही चाची, बाहेर जन्मलेल्या मुलाची एक वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंद करायला लागते, वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी लागते, दोन महिने राहिलेत, आत्ता मुलाला फोन लावा. तिथूनच फोन लावला. कुवेत काही जन्म झाला म्हणून नागरिकत्व देत नाही, आखातात कुठेच देत नाहीत तसं, म्हणजे हे केलं नाही तर त्या पोराच्या हातात कुठलाच पासपोर्ट येणार नाही. या कामाचे तिने चाचींकडून काही घेतले नाहीत, काम तिकडेच होणार होतं. आखातातले आपले लोक हे वाचत असतील तर ही एक गोष्ट तरी घरी सांगा.

आणि दुकान थिबा पॅलेसच्या रस्त्याला आहे म्हणून सारखं मनात येतं, या गावाला हा प्रश्न काही नवीन नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ ला इथे आणून ठेवला, त्याची चौथी मुलगी १८८७ ला इथेच रत्नागिरीत जन्मली. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू, तिचा बाप इथलाच सावंत, ती राजाची नात शेवटपर्यंत रत्नागिरीत राहिली, इथेच लग्न झालं, मुलंबाळं झाली, मराठी बोलणारी. तिला कुणी विचारलं नाही तू कुठली.

आता जे चांगलं नाही तेही लिहितो. गर्दी फार होते आणि ताई एकटीच असते, त्यामुळे दीड-दोन तास बसावं लागतं आणि खुर्च्या तीनच, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. पावसात लाईट गेली की सगळं बंद, इन्व्हर्टर फक्त एका कॉम्प्युटरला आहे. फोन सहसा उचलत नाही, मेसेज करा, रात्री उत्तर देते. कधी कधी फार भराभर बोलते, मग पुन्हा विचारायला लागतं, पण पुन्हा विचारलं तर चिडत नाही. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही.

नात गणपतीच्या तीन दिवस आधी आली. ओसीआय ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात हातात आलं होतं. पाच महिन्यांची पोर, मखरासमोर पाटावर ठेवली तर आरतीच्या झांजांना घाबरली नाही. तिकडचं कोर्टाचं काम अजून संपलेलं नाही, जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एका जज्जने सरसकट सगळ्या देशासाठी आदेश थांबवायचा नाही, मग जुलैमध्ये न्यू हँपशायरच्या कोर्टाने सगळ्या अशा बाळांचा एकत्र दावा धरून पुन्हा थांबवला, आणि डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ प्रश्न स्वतःकडे सुनावणीला घेतला. मी हे लिहितोय जानेवारी २०२६ ला, निकाल यायचाय. जावयाच्या ऑफिसातल्या दोघांच्या घरी या उन्हाळ्यात बाळं यायची आहेत, त्यांची झोप उडालीय, ती मला कळते.

आणि बागेतलं कुटुंब दिवाळीनंतर परत आलं. येताना त्याने मुद्दाम जन्मदर्ताचा कागद आणला होता, गावच्या वॉर्डाचा, लॅमिनेट न करता, कारण ताईने बजावलं होतं की असले कागद लॅमिनेट करायचे नाहीत. मला आधी दाखवला नाही, पहिल्या बाजाराच्या दिवशी दुकानात गेला आणि ताईला दाखवून मग घरी आला. पोरगी आता पडवीत रांगते, माझ्या हिला आई म्हणते का आजी ते अजून नीट कळत नाही.

जाणाऱ्यांसाठी, दुकान सोमवार ते शनिवार दहा ते दोन आणि चार ते आठ, बुधवारी सकाळी ताई कलेक्टर ऑफिसला असते तेव्हा जाऊ नका. ओरिजिनल कागद न्या, नुसत्या मोबाईलमधल्या फोटोंवर ती काम करत नाही. लग्नात नाव बदललं असेल तर पत्रिका शोधून ठेवा. आणि बागेतल्या किंवा बोटीवरच्या माणसाच्या बाळाचा दाखला असेल तर जाण्याआधी त्याला त्याचं पूर्ण नाव विचारून कागदावर लिहून घ्या.